कोंडाजीची पकड

एका कड्याखाली एक वाडी होती. वाडीत एक म्हातारा होता, आणि त्या म्हाताऱ्याच्या हातात एक दोर होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला मात्र नेहमी दुसराच कुणीतरी लटकलेला असायचा.

वाडी मध काढणाऱ्यांची. कडा सरळसोट. त्याच्या पोटाला आग्यामोहोळाची पोळी लटकायची, सुपाएवढाली, काळी, सारखी हलणारी. उन्हाळा सुरू झाला की एका माणसाला दोराला बांधून वरून खाली सोडायचे. तो धुराने माश्या उठवायचा, पोळं कापायचा आणि टोपलीत भरायचा. वर कड्याच्या काठाजवळ हिरड्याचं जुनं झाड होतं. दोराचा त्याच्या बुंध्याभोवती एक वेढा द्यायचे, म्हणजे वजन झाड घ्यायचं. पण वेढ्याच्या मागे दोर धरून बसणारा माणूस लागायचाच. कारण झाडाला ऐकू येत नाही. खालून 'धर' असं ओरडलं की धरायचं. 'सोड' ओरडलं की हातातून दोर सैल सोडायचा. 'ओढ' ओरडलं की सगळ्यांनी मिळून वर ओढायचं. एवढंच काम.

हे काम कुणी करायचं त्याची एक जुनी रीत होती. उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावाने दोर धरायचा. जुन्या लोकांनी नीट विचार केला होता. मित्राचं मन फिरू शकतं. सख्ख्या भावाचं बांधावरून भांडण असू शकतं. पण आपल्या बहिणीचं कपाळ पांढरं व्हावं असं कुठल्या भावाला वाटणार? म्हणून मेहुणा. रीत चांगली होती. म्हणूनच ती मोडली गेली.

मोडणाऱ्याचं नाव कोंडाजी. वाडी त्याला कोंडाजीबुवा म्हणायची. आपण नुसतं कोंडाजी म्हणू.

तरुणपणी कोंडाजीने आपल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी दोर धरला होता. ऐन वेळी झाडावरचा वेढा निसटला आणि सगळं वजन त्याच्या हातांवर आलं. त्याने सोडलं नाही. तळहाताची कातडी दोराबरोबर गेली, तरी सोडलं नाही. माणूस जिवंत वर आला. हे खरं आहे, आणि ते मोठं काम होतं. ते कुणी नाकारत नाही.

पण त्यानंतर त्याने दोर सोडलाच नाही. पुढच्या साली दुसरा माणूस उतरला, तेव्हा लोकच म्हणाले, "दोर कोंडाजीच्या हाती द्या, त्याची पकड देवाची आहे." तो हसून पुढे झाला. त्याच्या पुढच्या साली त्याला कुणी विचारलंही नाही, तो आपणहून बसला. मग मेहुणे मागे राहिले आणि कोंडाजी पुढे. पोळ्याचा पहिला तुकडा त्याचा. पंचांत मधली जागा त्याची. कुणाचं लग्न कुठे करायचं, यात शेवटचा शब्द त्याचा. वाडीत बाळ जन्मलं आणि त्याची मूठ घट्ट दिसली, की बायका म्हणायच्या, "बुवांचा हात घेऊन आलंय गं."

वर्षं गेली. कोंडाजीच्या हातात ताकद राहिली नाही. माणसाला खाली सोडण्याचं काम आता तरुण पोरं करायची. तो पोळ्याशी पोचला की दोर वेढ्यामागून कोंडाजीच्या हातात द्यायचे. मानाने. एकदा का दोर बुवांच्या हातात गेला, की दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, असा नवा नियम झाला. तो नियम कुणी केला ते सांगायला नको.

कोंडाजीला एक मुलगा होता, गेनू. चांगला धट्टाकट्टा, स्वतः दोन पोरांचा बाप. आणि एक मुलगी, सगुणा. सगुणा त्याच वाडीत नवशाला दिली होती. नवशा कड्यावर उतरण्यात सगळ्यांत तरबेज. सगुणाच्या कडेवर वर्षाची पोर होती. तिला सगळी वाडी 'गोचीड' म्हणायची, कारण ती आईच्या गळ्याला लागली की निघायचीच नाही. नवशा म्हणायचा, "आज्यावर गेलीये."

गेल्या साली नवशा पोळ्याजवळ लटकलेला असताना दोर अचानक हातभर घसरला. लगेच थांबला. वर कुणाच्या लक्षात आलं नाही. खाली ज्याचा जीव त्या दोराला टांगलेला होता त्याच्या मात्र आलं. त्याने घरी येऊन सगुणाला सांगितलं.

सगुणा म्हणाली, "बाला सांगा. दादाच्या हाती दोर द्यायला सांगा. तोच तुमचा मेहुणा आहे. रीतच आहे ती."

"तू सांग ना. तुझा बा आहे."

"बायकांनी दोराविषयी बोललेलं चालतं का त्याला?"

म्हणून हा हंगाम आला तेव्हा नवशा सासऱ्याकडे गेला. ओट्यावर कोंडाजी बसला होता. शेजारी त्याचा जुना सोबती हिरोजी तंबाखू मळत होता. नवशा वाकून पाया पडला.

"मामा, एक बोलू? या साली दोर गेनूदादाला धरू द्या. तुम्ही शेजारी बसा, सांगा त्याला कसं ते. मान तुमचाच."

कोंडाजीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "का रे? माझ्या हातांना काय झालं?"

"काही नाही मामा. गेल्या साली जरा घसरल्यासारखा वाटला दोर."

"तुझे पाय घसरले असतील," कोंडाजी म्हणाला.

हिरोजी खो खो हसला. "बघ कोंडाजी, काय दिवस आले. जावई सासऱ्याच्या हाताची ताकद मोजायला आलाय. भीती वाटत असेल तर सांग बाबा. तुझ्याऐवजी तुझ्या बायकोला उतरवू."

गेनू दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. नवशाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. गेनूने म्हशीला वैरण टाकायची आहे असं काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि आत गेला.

नवशा परत आला. सगुणाने विचारलं, "काय म्हणाला?"

"माझे पाय घसरले असतील, म्हणाला."

"मग जाऊ नका."

"नाही गेलो तर भेकड म्हणतील. पोरीला उद्या कोण करून घेईल?" असं म्हणून त्याने गोचिडीला उचललं. तिने त्याचा कान धरला आणि सोडेना.

आता कोंडाजीचं ऐका. दोर घसरला होता हे त्याला पक्कं माहीत होतं. ज्या हातातून घसरला तो हात त्याचाच होता. एक तर तो खरं सांगू शकत होता. म्हातारपण काही गुन्हा नाही. दात पडतात, केस पिकतात, बोटं ढिली होतात. "पोरा, आता तू धर," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण एवढं म्हटल्यावर पहिला तुकडा कुणाचा? मधली जागा कुणाची? कोंडाजीला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

म्हणून त्याने एक युक्ती काढली. देवापुढे धूप म्हणून सालईची राळ जाळतात. ती तेलात घालून तापवली की मऊ होते, आणि गार झाली की दगडासारखी घट्ट बसते. टोपलीच्या भेगा बुजवायला वाडीत तीच वापरायचे. कोंडाजीने तिचा एक गोळा कमरेच्या पिशवीत घालून ठेवला. तळहाताला फासली की दोर घसरण्याची बात नको. त्याने फक्त धरण्याचा विचार केला. सोडण्याचा केला नाही. आयुष्यात ज्या एका गोष्टीसाठी त्याला मान मिळाला होता ती धरण्याची होती. सोडण्यासाठी कुणी कधी त्याच्या पाया पडलं नव्हतं.

तो दिवस आला. मध काढायचा तर भल्या पहाटे, गारव्यात. माश्या तेव्हा सुस्त असतात. ऊन कड्यावर आलं की त्या खवळतात. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण आधी दोराची पूजा. हळद लावायची, नारळ फोडायचा. मग हिरोजीने कोंडाजीच्या त्या जुन्या पराक्रमाची गोष्ट सांगायची. ती दरसाल सांगायची आणि दरसाल थोडी लांबायची. मग प्रत्येकाने कोंडाजीच्या पाया पडायचं. नवशा कमरेला दोर बांधून उभा होता. तो पूर्वेकडे पाहत होता.

"मामा, उजाडलं."

"थांब रे," हिरोजी म्हणाला. "थोरांचं चाललंय ना? सूर्य काही पळून जात नाही."

सूर्य पळून गेला नाही. तो वर आला.

बायकांना कड्यावर यायला बंदी होती. त्या खाली, पायथ्याशी मडकी घेऊन बसायच्या. त्यांच्यात सगुणा होती, पोर गळ्याला लागलेली. तिने मान वर करून पाहिलं तेव्हा नवशा कड्यावरून उतरत होता. वर पोरं दोर सोडत होती. सावकाश, बेताने, त्याच्या प्रत्येक हाकेसरशी.

वर एका बाजूला मशालीचा जाळ होता. कोंडाजी त्याच्याजवळ पाठमोरा बसला होता.

"बा, काय करतोयस?" गेनूने विचारलं.

"हात शेकतोय. गारठा आहे."

राळेचा वास सुटला होता. गेनूला वाटलं, पूजेचा धूप असेल.

नवशा पोळ्याशी पोचला. त्याने 'धर' म्हटलं. पोरांनी दोर वेढ्यामागे कोंडाजीच्या हातात दिला. कोंडाजीने तो दोन्ही मुठींत गच्च धरला आणि पाय दगडाला टेकवून बसला. राळ दोराच्या पिळांत शिरली. सकाळच्या गार वाऱ्याने ती घट्ट झाली. कोंडाजीने हळूच बोट हलवून पाहिलं. हललं नाही. त्याला बरं वाटलं.

नवशाने हिरव्या पाल्याची पेंडी पेटवून धूर केला. माश्यांचा थर पोळ्यावरून सरकला. त्याने पहिला तुकडा कापला. तो कोंडाजीचा. दुसरा कापला. तेवढ्यात ऊन कड्याला लागलं आणि वारा फिरला. धूर पोळ्यावरून उडून दरीत गेला.

आग्यामोहोळ उठलं.

नवशाला काय करायचं ते ठाऊक होतं. वर जायची सोय नव्हती. वरच्या अंगाला आणखी पोळी होती, ओढलं असतं तर तो त्यांच्यातूनच गेला असता. पण त्याच्या पायांखाली, पुरुषभर अंतरावर, कड्यात एक कपार होती. आत अंधार. आत शिरून अंगावरची घोंगडी तोंडाशी धरली की माश्या थोड्या वेळाने जातात. वाडीतले कितीतरी जण असे वाचले होते. पुरुषभर दोर हवा होता. एवढंच.

"सोड!" नवशा ओरडला.

दोर हलला नाही.

"सोड! मामा, सोडा!"

कोंडाजीने ऐकलं. त्याचे हात गेले होते, कान शाबूत होते. त्याने बोटं उघडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. राळ दगड झाली होती.

अजूनही सगळं गेलं नव्हतं. तो नुसता उठून झाडाजवळ गेला असता तरी दोर तेवढा खाली गेला असता. नाहीतर एक वाक्य बोलायचं होतं, "पोरांनो, माझे हात चिकटलेत, मला पुढे ढकला." पोरांनी त्याला उचलून नेलं असतं. पण मग ती राळ दिसली असती. मग सगळ्यांनी विचारलं असतं की बुवांना राळ कशाला लागते. कोंडाजीने ओठ मिटले आणि पाय दगडाला अजून घट्ट टेकवले.

गेनू धावत आला. "बा, सोड. दाजी सोड म्हणतायत. हात ढिले कर!"

"मला शिकवू नकोस."

"बा, माश्या उठल्यात!"

"मी आजपर्यंत दोर सोडलेला नाही. आज सोडणार नाही."

खालून बायका ओरडायला लागल्या. सगुणाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "सोडा! अरे सोडा त्यांना!"

हिरोजी म्हणाला, "बायकांना दोरातलं काय कळतं?"

गेनूने पुढे होऊन दोराला हात घातला. वेढ्याच्या आणि बापाच्या मुठींच्या मधे. तेवढ्यात हिरोजी कडाडला, "गेनू! बापाच्या हातातला दोर ओढतोस? जिवंत बापाच्या? लाज नाही वाटत?" बाकीचे म्हातारेही उठले. दोर ओढणारी पोरं तिथेच उभी होती, हात रिकामे. ती एकमेकांकडे पाहत होती. गेनूने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. कोंडाजीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी ताटातलं सांडल्यावर पाहायचा.

गेनूने हात काढून घेतला.

थोरांचं ऐकावं, असं सगळ्या बोधकथांत सांगतात. इथे सगळ्यांनी ऐकलं.

'सोड', 'सोड' असा आवाज बराच वेळ येत राहिला. त्यात नाव होतं सगुणाचं, एकदा. नवशाच्या कमरेला कोयता होता. पण दोर कापला असता तर तो कपारीत नाही, थेट दरीत गेला असता. म्हणून तो वाट पाहत राहिला. त्याला वाटलं, आत्ता सोडतील. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की आत्ता सोडतील. काही माश्या वरही आल्या. दोन-तीन कोंडाजीच्या कपाळाला डसल्या. तो हलला नाही. म्हातारे एकमेकांना म्हणाले, "बघा, बघा. याला म्हणतात पकड."

मग खालचा आवाज थांबला.

हिरोजी म्हणाला, "बघा. बुवांनी धरून ठेवलं म्हणून पोर शांत झालं."

माश्या निवल्यावर पोरांनी दोर ओढला. नवशा वर आला. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. अंगावर माश्या तशाच चिकटलेल्या होत्या, काही मेलेल्या, काही अजून पंख हलवणाऱ्या. टोपलीत मधाचे दोन तुकडे होते.

कोंडाजीच्या हातातून मात्र दोर निघेना. राळ मुठींच्या आत होती, बाहेरून दिसत नव्हती; पोरांनी त्याची बोटं उघडून पाहिली. उघडेनात. तेव्हा हिरोजीने सगळ्यांसमोर हात जोडले. "अरे, जावई गेला तरी पकड सुटली नाही. हा माणूस नाही, हा देव आहे." आणि म्हाताऱ्यांनी दोर मागेपुढे कापला, आणि मुठीत तुकडा असलेल्या कोंडाजीला आधार देत खाली आणलं. पुढे कोंडाजी. मागे नवशाचं मढं.

सगुणा नवशापाशी बसली. किती वेळ बसली ते कुणी पाहिलं नाही. गोचीड गळ्याला तशीच होती. मग सगुणा उठली आणि बापाच्या ओट्यावर गेली. लोक त्याच्या पाया पडत होते. तिने त्याच्या मुठी हातात घेतल्या. नाकाशी नेल्या. राळेचा वास होता. कातडीत मुरलेला.

तिने बापाला घरात नेलं आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. हिरोजी गेला नाही, गेनूही दाराशी राहिला. तिने चुलीवर तेल तापवलं, फडकं बुडवलं, आणि बापाचं एकेक बोट सोडवायला घेतलं. राळ सुटत होती तशी कातडीही सुटत होती. कोंडाजी कण्हला.

"बा," ती म्हणाली, "त्यांनी सोड म्हटलेलं तुला ऐकू आलं?"

कोंडाजीने तोंड फिरवलं.

"माझं?"

तिने पुढचं बोट सोडवलं.

"हात चिकटलेत, एवढं का नाही सांगितलंस?"

कोंडाजीने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "पडला नाही ना तो? माझ्या हातून पडला नाही. माश्यांनी नेला. माझ्या हातून कुणी पडलेलं नाही."

सगुणाने उरलेली बोटं सोडवली. दोराचा तुकडा बाजूला ठेवला. मग ती हिरोजीकडे वळली.

"बघितलंत? राळ लावली होती हातांना."

हिरोजीने खाकरून घसा साफ केला. "लावली असेल. धरून ठेवण्यासाठीच लावली ना? हेतू काही वाईट नव्हता. आता तू बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडणार का? झालं ते झालं. नवशा काही परत येणार नाही."

"अब्रू," सगुणा म्हणाली. "ती वाचली तुमची. तिला कपारीत जागा मिळाली."

ती बाहेर पडली. गेनू तिच्या मागे गेला. "सगुणे, मी हात घातला होता गं दोराला. पण बा होता, सगळे थोर होते. मी काय करणार होतो?"

सगुणा थांबली. "बाची बोटं राळेने चिकटली होती, दादा. तुझी कशाने चिकटली होती?"

जुन्या रीतीप्रमाणे तो दोर गेनूचाच होता.

पंच बसले. ठरलं असं की दोष वाऱ्याचा. दोराचा तो तुकडा देवळात टांगायचा. कोंडाजीच्या हातांच्या जखमा भरल्या, पण कातडी आखडली आणि बोटं आत वळून बसली ती कायमची. त्याला घास घेता येईना. सून भरवायची. सगुणा पुन्हा त्या ओट्यावर चढली नाही. मुठी मिटलेलाच तो पंचांत बसायचा, मधल्या जागेवर. मधाचा पहिला तुकडा, तो नवशाने कापलेला, त्याच्या तोंडात घालण्यात आला. त्याने खाल्ला.

पुढचा हंगाम आला. पुन्हा हळद, पुन्हा नारळ. हिरोजीने गोष्ट सांगितली. या वेळी तिला शेवटी नवा भाग होता, मेलेल्या जावयालाही न सोडणाऱ्या सासऱ्याचा. मग प्रश्न आला, दोर कुणी धरायचा. बुवांचे हात गेलेले. म्हाताऱ्यांनी विचार करून सांगितलं, हिरोजीने. हिरोजी कोंडाजीपेक्षाही थोरला होता.

"आणि उतरणार कोण?" हिरोजीने पोरांकडे पाहिलं.

पोरं खाली बघत राहिली.

"गेनू, तू बांध."

गेनूने दोराचं टोक हातात घेतलं. त्याने हिरोजीचे हात पाहिले, थरथरणारे. बापाच्या मिटलेल्या मुठी पाहिल्या. मग त्याने टोक खडकावर ठेवलं आणि वळून पायवाटेने खाली चालायला लागला. जे गेल्या साली करायचं होतं ते त्याने या साली केलं.

"गेनू! थोरांना पाठ दाखवतोस?" हिरोजी ओरडला.

गेनूच्या मागे दुसरा गेला. मग तिसरा. मग सगळे. खाली पायथ्याशी एकही मडकं नव्हतं, एकही बाई आली नव्हती. सगुणा आपल्या दारात बसली होती, पोर आता चालायला लागली होती. गेनू तिच्या दारावरून गेला. जरा थांबला. तिने मान वर केली नाही. तो पुढे गेला.

कड्यावर म्हातारे राहिले. ऊन चढलं. पोळ्यांतला मध दगडावर ठिबकत होता. हिरोजीने तरीही दोर हातात घेतला, झाडाला वेढा दिला आणि पाय टेकवून बसला, कारण मान होता. दोर कड्यावरून खाली लोंबत होता. वाऱ्याने त्याचं टोक दगडावर आपटत होतं.

कोंडाजीने विचारलं, "खालून काही ओरडतायत का?"

"नाही बुवा," हिरोजी म्हणाला. "खाली कुणी नाही."

"मग धरून ठेव," कोंडाजी म्हणाला.

तात्पर्य: ज्याला वेळेवर सोडता येत नाही, तो कितीही थोर असला तरी त्याच्या हातात कुणाचा जीव देऊ नये, आणि दिलाच असेल, तर त्याच्या हातून तो हिसकावून घ्यायला लाजू नये.